हे जरूर ऐका

करमाडात राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या सुधारणेची काळजी स्वतः वाहावी लागत नाही. ती गावानं आधीच अंगावर घेतलेली असते. जालना रोडला बसची वाट बघत उभं राहावं, तर शेजारचा माणूस आधी 'कुठं चाल्लाव' विचारतो, मग 'कशाला' विचारतो, आणि बस येईपर्यंत आपण मुळात तिकडं जायलाच नको होतं हे पटवून देतो. पूर्वी हा सल्ला नुसता तोंडी मिळायचा. आता त्याला लिंक असते. "हे ऐका तुम्ही," तो म्हणतो, "पावणेदोन तासांचंय, पण आयुष्य बदलून जाईल." एवढं बोलून तो जालन्याच्या गाडीत चढतो, आणि आपलं बदलू घातलेलं आयुष्य व्हॉट्सॲपवर निळ्या अक्षरांत पडून राहतं.

पॉडकास्टांची शिफारस करणं हा आमच्याकडचा नवा शिष्टाचार आहे. त्याला कारण आहे आणि ते रस्त्यावर दिसतं. गावाच्या एका अंगाला शेंद्र्याची एमआयडीसी आणि तिच्या पुढची ऑरिक ही उद्योगनगरी, दुसऱ्या अंगाला कपाशी, मका, मोसंबी, डाळिंब. सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या निघतात तेव्हा आत बसलेल्या प्रत्येक पोराच्या कानात काहीतरी खुपसलेलं असतं. पूर्वी त्यातून फक्त गाणी वाजायची. आता तिथं कोणी गुंतवणूक शिकतो, कोणी इंग्रजी, आणि कोणी पहाटे उठण्याचे फायदे. या शेवटच्या विषयाची मला फार मौज वाटते. रॉबिन शर्मा यांचं 'द फाइव्ह एएम क्लब' २०१८ मध्ये आलं आणि तेव्हापासून जगभरचे पॉडकास्टवाले माणसाला पाचला उठवायच्या मागं लागले आहेत. आमचा पुतण्या पहिल्या पाळीला जातो. तो साडेचारला उठून, आवरून, बसमध्ये बसून, पाचला उठल्यानं आयुष्य कसं घडतं हे मन लावून ऐकतो. शेजारच्या गोठ्यात तोवर दोन म्हशींचं दूध काढून झालेलं असतं. त्या गोठेवाल्याला मुलाखतीला कोणी बोलावलं नाही. बोलावलं तरी तो "म्हशीला पान्हा फुटतो म्हणून उठतो" एवढं एकच वाक्य बोलेल, आणि त्यावर पावणेदोन तास कसे काढणार?

शिफारस मात्र वाटते तितकी साधी गोष्ट नाही. माणूस पुस्तक सुचवतो तेव्हा बहुतेक वेळा स्वतःबद्दल सांगत असतो: बघा, मी काय वाचतो. पॉडकास्ट सुचवतो तेव्हा तो तुमच्याबद्दल सांगत असतो. मला आलेल्या लिंका मी एकदा फुरसतीत वर सरकवत सरकवत पाहिल्या. मेहुण्यांनी पाठवलं होतं, 'राग येतो तेव्हा मेंदूत काय घडतं'. मुलीनं पाठवलं होतं, 'चांगला श्रोता कसा व्हाल'. एका जुन्या सहकाऱ्यानं चाळिशीनंतरच्या आर्थिक चुकांबद्दलचं पाठवलं होतं, आणि मी चाळिशी कधीच ओलांडलेली आहे हे त्याला ठाऊक आहे. घरातून, म्हणजे स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, आलेली लिंक निवृत्त पुरुषांनी दुपारच्या वेळी काय करावं याबद्दल होती. रागीट, न ऐकणारा, पैशाला ढिला आणि दुपारी पायात येणारा असा एक गृहस्थ त्या शीर्षकांतून हळूहळू उभा राहिला. कोणी एक शब्द वाकडा बोललेलं नव्हतं. प्रत्येकानं खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं.

त्यानंतर मी पाठवलेल्या लिंकांकडेही बघितलं आणि तो मजकूर ताबडतोब खाली सरकवला.

माणसाला असं ऐकवून सुधारणं आपल्या मुलखात काही नवं नाही. करमाडच्या पूर्वेला जालना जिल्हा, आणि त्यात जांब. समर्थ रामदासांचा जन्म तिथला, १६०८ सालचा. त्यांचा दासबोध माझ्या पुतण्याच्या हिशेबानं सांगायचा तर २० सीझनांचा आहे, आणि प्रत्येक सीझनला १० एपिसोड. दशक २०, दशकाला समास १०, एकूण २००. शिवाय श्रोता शंका काढतो आणि वक्ता निरसन करतो, म्हणजे मुलाखतीचा बाजही आहे. पुतण्याला हे सांगितल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "काका, कन्सिस्टन्सी लै भारी होती त्यांची." दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी होते आणि शेवट पढतमूर्खाच्या. हा पढतमूर्ख फार जवळचा माणूस आहे. त्यानं पुष्कळ ऐकलेलं असतं, ब्रह्मज्ञान तो अगदी साफ समजावून सांगतो, फक्त त्याची हाव आणि त्याचा अभिमान जागच्या जागी असतात. समर्थांना कानात घालायच्या यंत्राची कल्पना असायचं कारण नाही, पण ते घालणाऱ्याची पुरती होती. चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगताना पहिला समास त्यांनी श्रवणाला दिला आहे. आधी ऐका. पण जुन्या मंडळींनी श्रवणाच्या पुढं मनन आणि निदिध्यासन या दोन पायऱ्या ठेवल्या होत्या. आम्ही पहिल्या पायरीवर बसून दीडपट वेगाचं बटण दाबतो.

या बटणाबद्दल एक तक्रार इथंच नोंदवून टाकतो. पुतण्या सगळं दीडपट वेगानं ऐकतो. मनःशांतीवरचं एक बोलणं त्यानं मला तसंच ऐकवलं. वक्ता सावकाश श्वास घ्या म्हणत होता, इतक्या घाईनं की मला धाप लागली.

तर मुद्दा शिफारशीचा. माणसाला त्याचा दोष सांगायचा, पण त्याला तो टोचू द्यायचा नाही, ही कला आपल्याकडं कीर्तनानं परिपूर्ण केली होती. सप्ताह बसला की पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होऊन महाप्रसाद. हा क्रम या भागातल्या लहान पोरालाही पाठ असतो, निदान महाप्रसादापासून मागं तरी. रात्रीच्या कीर्तनात महाराज एक अभंग घेतात, तो सोडवता सोडवता लग्नातल्या खर्चावर येतात, तिथून म्हाताऱ्या आईबापांवर, तिथून बांध कोरणाऱ्या भावांवर. बांध कोरणं म्हणजे नांगरताना शेजाऱ्याच्या हद्दीत दरवर्षी वीतभर सरकणं. हा विषय निघाला की मांडवात एक हालचाल सुरू होते. मान कोणी हलवत नाही. कोपर हलतं. प्रत्येक जण शेजारच्याला हळूच कोपरानं ढोसतो आणि डोळ्यांनी तिसऱ्याच माणसाकडं दाखवतो. तो तिसरा त्याच वेळी चौथ्याकडं दाखवत असतो. पाचशे माणसांच्या मांडवात बांध कोरणारा एकही सापडत नाही आणि तरी सगळ्यांना त्याचं नाव माहीत असतं. महाराजांनाही हे ठाऊक असतं. ते अगदी खऱ्या वर्मावर बोट ठेवतात आणि तुम्हाला ते शेजाऱ्याचं समजायची मोकळीक देतात. रात्री अंथरुणावर पडल्यावर काय ते ज्याचं त्याला कळतं.

पैठण इथून फार लांब नाही. एकनाथांनी तर त्याही पुढची युक्ती केली. काम-क्रोध आवरा असं सरळ सांगितलं तर मंडळी जांभई देतात. त्यांनी विंचू चावल्याचं भारूड केलं. माणूस वेदनेनं नाचतोय, लोक हसतायत, आणि विंचू म्हणजे काय हे कळेपर्यंत डंख बसून गेलेला असतो. सोळाव्या शतकात पैठणच्या माणसानं हे करून ठेवलं, आणि आज राग आवरण्यावरच्या पॉडकास्टची सुरुवात वक्त्याच्या पदव्यांनी होते.

कानातल्या बोंडांनी या सगळ्यात एक मोठा घोटाळा केला. तिथं शेजारी कोणी नसतं. मांडव नाही, कोपर नाही, चौथा माणूस नाही. एक आवाज थेट कानात येऊन म्हणतो, "तुम्ही बायकोचं बोलणं मध्येच तोडता का?" आता हे ढकलायचं कोणाकडं? कीर्तनात असतो तर समोरच्या रांगेतल्या तलाठीसाहेबांकडं बघितलं असतं. इथं तुम्ही एकटे, कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी, आणि प्रश्न सरळ तुम्हाला. माणसाला इतक्या जवळून सुधारायची सवय नसते. मग तो काय करतो? शेअरचं बटण दाबतो. मेहुण्याला पाठवतो. खाली लिहितो, 'जरूर ऐका'. मांडवातलं कोपरच ते. फक्त आता ते करमाडहून पुण्यापर्यंत पोचतं आणि ढोसलेल्या माणसाला हात जोडल्याचं चिन्ह उलट पाठवावं लागतं.

हे लक्षात आल्यापासून आलेल्या लिंकांचा मला राग येत नाही. मेहुण्यांनी रागावरचं मला पाठवलं, याचा अर्थ ते ऐकताना त्यांना स्वतःचं काहीतरी बोचलं असणार. किती बोचलं हे मात्र मी विचारलेलं नाही. कारण ते चिडतात.

एकटं ऐकण्याचा हा घोटाळा ज्यांना मुळीच भेडसावत नाही अशी मंडळी आमच्या शिवारात आहेत. कापूस वेचायला बायकांची टोळी येते. मजुरी किलोवर, त्यामुळं हात थांबत नाहीत, डोळे बोंडावर, आणि कान मोकळे. एकीचा फोन कमरेच्या ओटीत कापसाबरोबर पडलेला असतो आणि त्याचा आवाज सहा-सात सरींपलीकडं पुरत नाही म्हणून सगळ्या तिच्या आजूबाजूच्या सरी धरतात. काय लावायचं हे टोळीतल्या आक्का ठरवतात. इंदुरीकर महाराजांचं कीर्तन लागतं, बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ लागतो, चित्र न बघता नुसती ऐकायची म्हणून मालिका लागते. मध्ये एका सुनेनं आहार आणि आरोग्यावरचं काही लावलं. बाई चांगल्या बोलत होत्या. उपाशीपोटी काय घ्यावं ते सांगत होत्या. आक्कांनी थोडं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बंद कर माय. ती बदाम म्हणू राहिली. मला वाटलं काही कामाचं सांगंल." त्यावर सगळी सरी हसली आणि मग बदामाच्या भावावरून मुलींच्या शिक्षणावर, शिक्षणावरून एकीच्या नवऱ्यावर अशी चर्चा गेली, जी मूळ कार्यक्रमापेक्षा नक्कीच वजनदार होती. वक्त्याला मध्येच तोडून त्याच्याशी भांडता येणं ही ऐकण्याची सगळ्यात चांगली पद्धत आहे असं माझं मत होत चाललं आहे.

काम करता करता ऐकण्याची ही पद्धत जगात एका ठिकाणी फार इतमामानं चालली. क्यूबामध्ये हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना वाचून दाखवायला माणूस ठेवायला सुरुवात झाली. कामगार तंबाखूची पानं वळायचे आणि उंच बैठकीवरून तो आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी वाचायचा. त्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढत, आणि पुढं कोणतं पुस्तक वाचायचं हेही तेच ठरवत. अलेक्झांडर द्यूमाच्या 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो'वर त्यांचा इतका जीव जडला की त्या नावाची सिगार निघाली. ती आजही मिळते. वाचणाऱ्याचं आवडलं नाही तर कामगार त्याला ते ऐकवत असत. आक्कांना तिथं सहज मुकादमी मिळाली असती.

एवढं सगळं बोलूनही लोक शेवटी विचारतातच, "ते राहू द्या. काय ऐकावं ते सांगा." मला वाटतं हा प्रश्न विषयाचा नाही, ऐकताना हात काय करणार आहेत याचा आहे. बँकेत किंवा तहसिलीत रांगेला उभं राहायचं असेल तर बीबीसी मराठीची 'सोपी गोष्ट' पुरते. आपला नंबर येईस्तोवर निदान एक गोष्ट नीट कळलेली असते, आणि रांगेत तेवढंच काम होतं. त्यांचंच 'गोष्ट दुनियेची' मी शेतातून घरी येताना ऐकतो. दुसऱ्या खंडातल्या लोकांचे बांधांवरून चाललेले तंटे ऐकले की आमचे आटोक्यातले वाटतात. घरात जावई-सासरे एकाच खोलीत आणि बोलायला काही नाही अशी वेळ आली तर 'अमुक तमुक' लावावं. नात्यांवर, मनावर तिथं जाणकार माणसं बोलतात, आणि दोघांनाही ऐकण्याचं निमित्त मिळतं. कादंबरीची भूक असेल तर स्टोरीटेल. ही स्वीडनची कंपनी २०१७ मध्ये भारतात आली ती मराठी पुस्तकं घेऊनच. खुरपणीला कादंबरीइतकं चांगलं काही नाही, कारण तण संपतं पण प्रकरण संपत नाही आणि माणूस पुढची सरी आपण होऊन धरतो. समृद्धी महामार्गानं नागपूरला निघाला असाल आणि इंग्रजी चालत असेल तर अमित वर्मांचं 'द सीन अँड द अनसीन' घ्या. नागपूर येतं तरी पाहुण्याचं बालपण चालू असतं. पण हे निंदेनं म्हणत नाही. माणसाला इतका वेळ बोलू देणारा यजमान आता आमच्या पारावरसुद्धा मिळत नाही.

'दहा सवयी', 'सात सूत्रं', 'पाच चुका' असं आकड्यानं सुरू होणारं मी सहसा कोणाला सुचवत नाही. त्यातली तीन सूत्रं आपल्याला आधीच माहीत असतात, दोन पटत नाहीत, आणि उरलेली लक्षात राहत नाहीत. शिवाय ती पाठवली की समोरचा माणूस आपल्यात नेमकी कितवी चूक आहे हे शोधत बसतो.

आणि एक वेळ अशी की काहीच लावू नये. रात्रीची लाईट असते तेव्हा. थ्री फेज रात्री येणार म्हणून कपाशीला, हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस बॅटरी घेऊन निघतो. पुतण्या त्याही वेळी कानात बोंडं घालून निघाला तेव्हा मी त्याला अडवलं. पायाखाली काय सळसळतंय, उसात काय हलतंय, विहिरीवर मोटार पाणी ओढते आहे का नुसती घरघरते आहे, हे कानानंच कळतं. "आज काही ऐकू नको," म्हणालो, "मोटार ऐक."

त्यानं माझ्याकडं जरा दयेनं बघितलं. "काका, मोबाईल स्टार्टर बसवलाय ना आपण. तीच फोन करती."

तेवढ्यात तिनं खरंच केला. त्यानं घाईनं फोन कानाला लावला. पलीकडं रेकॉर्ड केलेल्या आवाजात एक बाई, अगदी सावकाश, लाईट गेल्याचं सांगत होत्या. त्यानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, वेग वाढवला नाही, कोणाला पाठवलं नाही, आणि बॅटरी विझवून सरळ झोपायला गेला.